शिंपी पक्षी आणि घोरपड यांची तुलना केली तर वरचढ कोण?

आमच्या परसात दोघांचाही वावर आहे, म्हणून लिहितोय.

शिंपी ७-८ ग्रॅमचा. चांगली वाढलेली घोरपड चारेक किलोची. तागडीत दुसऱ्या बाजूला पाचशे शिंपी बसवावे लागतील! आवाजात मात्र शिंप्याने बाजी मारलीय. सकाळी सहाला खिडकीशी त्याचं टुविट-टुविट सुरू झालं की पांघरूण ओढून उपयोग नाही. घोरपड फार डिवचली तर फुसकारते, बस.

पण वरचढ कोण हे मी पोटावरून ठरवीन. शिंप्याला अंग सतत ४० अंशांच्या आसपास तापतं ठेवायचं असतं, म्हणजे चूल विझू द्यायची नाही. एवढ्याशा अंगातली ऊब टिकतेय किती! म्हणून उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत बिचारा किडे टिपत असतो. घोरपड उन्हात पाठ शेकते, ऊब फुकट. एकदा भरपेट जेवली की काही दिवस निवांत. संसारातही तेच. शिंपी पानं शिवणार, आत कापूस भरणार, ३-४ अंडी उबवून बारा-तेरा दिवसांत पिल्लं काढणार, वर त्यांना भरवणार. घोरपड वीसेक अंडी जमिनीत, कधी वारुळात पुरते आणि चालू लागते. पिल्लं बाहेर यायला सहा-आठ महिने लागतात. खर्च-जमेच्या हिशोबात माझं मत घोरपडीला.

एक साम्य मात्र भन्नाट आहे. पक्ष्यांच्या फुप्फुसात हवा एकाच दिशेने वाहते, आपल्यासारखी आत-बाहेर करत नाही. २०१३ मध्ये आफ्रिकेतल्या सवाना घोरपडीच्या फुप्फुसातही हवा बरीचशी अशीच वाहताना आढळली. गंमत म्हणजे पक्ष्यांचं जवळचं नातं मगरीशी, घोरपडीशी लांबचं.

(घोरपडीच्या तेलाबद्दल विचारू नका. ती १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तुरुंगाची हवा खावी लागेल.)

समोरासमोरची गाठही एकदा पाहिलीय. बदामाच्या रोपट्यावर शिंप्याचं घरटं, जेमतेम कमरेच्या उंचीवर. खाली घोरपड दुभंगलेली जीभ लपलपवत आली. शिंपी जोडप्याने असा कल्ला केला की दयाळ आणि बुलबुलही धावून आले. घोरपड दोन मिनिटं थांबली, मग कुंपणाखालून निघून गेली. आठवड्याने घरटं रिकामं होतं. माझा संशय शेजारच्या बोक्यावर आहे.