सरासरी वाढली म्हणजे आपला फ्लॅट वाढला का?

प्रश्न : आम्ही हडपसरला वन बीएचके २०१४ मध्ये घेतला, ५००० रुपये स्क्वेअर फुटाने. आता फॅमिली ग्रुपवर ग्राफ फिरतोय, पुण्यात फ्लॅटची सरासरी किंमत एका वर्षात कुठच्या कुठे गेलीय, आणि आमच्या एरियात रेट सात हजारांच्या वर आहे असं एजंटही म्हणतोय. मिस्टर म्हणतात आत्ताच विकून टाकू. काय करावं?

उत्तर : ताई, थोडं थांबा. ग्राफ खोटा असेलच असं नाही, पण तो तुमच्या फ्लॅटबद्दल काहीच सांगत नाहीये. सरासरीत फक्त त्या वर्षी विकली गेलेली घरं येतात, आणि दरवर्षी वेगळीच घरं विकली जातात. समजा गेल्या वर्षी १०० फ्लॅट विकले, त्यातले ८० चाळीस लाखांचे आणि २० दीड कोटीचे, तर सरासरी आली ६२ लाख. यंदा दीड कोटीवाले ४० विकले गेले आणि चाळीस लाखवाले ६०, की सरासरी थेट ८४ लाख! म्हणजे ३५ टक्के वाढ दिसली आणि भाव मात्र एकाही फ्लॅटचा रुपयाने वाढलेला नाही, फक्त मोठी घरं जास्त खपली. हेच सगळे व्यवहार किमतीप्रमाणे ओळीने लावून मधली किंमत बघितली तर ती दोन्ही वर्षी चाळीस लाखच येते. म्हणून ग्राफ आला की आधी विचारायचं, यात कुठली घरं मोजलीत?

एजंटच्या रेटचं तर मला जास्त वाईट वाटतं कारण त्यात भले भले फसतात. २०१४ ला तुम्हाला रेट लावला असणार सुपर बिल्टअपवर (म्हणजे भिंती आणि जिना, लिफ्ट, लॉबीचा वाटाही धरून), आणि मे २०१७ पासून रेरा हा बिल्डरांवरचा कायदा आल्यावर हिशोब कार्पेटवर (म्हणजे घराच्या आतल्या वापराच्या जागेवर) आला. तुमचा फ्लॅट सुपर बिल्टअप ६५० आणि कार्पेट ४५० धरला तर तेव्हाचे साडेबत्तीस लाखच आजच्या भाषेत ७२०० रुपये फूट होतात, वाढ शून्य! दोन्ही रेट कार्पेटवर आणा, मगच तुलना करा. आणि महागाई धरायला विसरू नका, वर्षाला ५ टक्के धरली तरी दहा वर्षांत १०० चे १६३ होतात, त्यामुळे दहा वर्षांत घर दीडपट झालं तरी खरं तर तोटाच आहे.

प्रश्न : मुंबईत रजिस्ट्रेशन वाढले की भाव वाढणार असं समजायचं का? २०२० च्या शेवटी ग्राफ केवढा वर गेला होता.

उत्तर : तो ग्राफ दस्तांच्या संख्येचा, भावाचा नाही. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० राज्य सरकारने स्टॅम्प ड्युटी तीन टक्क्यांनी कमी केली होती, मुंबईत ५ ची २ झाली, पुढे मार्चपर्यंत ३. साहजिकच पुढे-मागे घर घेणारे सगळे त्या महिन्यांत धावले, आणि ड्युटी भरून करारावर सही झाली की रजिस्ट्रेशनला चार महिने मिळतात त्यामुळे डिसेंबरचे कित्येक व्यवहार पुढच्या महिन्यांच्या आकड्यात गेले. मग सवलत संपल्यावर एप्रिलमध्ये आकडा पडला (वर कोरोनाची दुसरी लाट) तर लगेच मार्केट कोसळलं असा अर्थ काढायचा नाही.

रेडी रेकनरच्या (स्टॅम्प ड्युटीसाठी सरकार ठरवतं त्या दरांच्या) ग्राफवरून पण भाव ठरवू नका. २०२३ आणि २०२४ ला सरकारने ते दर बदललेच नाहीत, म्हणून रेघ आडवी, बाजार तेव्हा थांबला नव्हता.

तुम्हा दोघांनाही सांगतो, नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्चमध्ये आपल्या सोसायटीचे किंवा शेजारच्या बिल्डिंगचे अलीकडचे इंडेक्स टू (नोंदवलेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा) काढा, त्यात किंमत आणि क्षेत्रफळ दोन्ही असतं. कार्पेट लिहिलंय की बिल्टअप एवढं नीट वाचा आणि पार्किंग धरलंय का तेही बघा.