नाण्यांचा छंद : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जुन्या बाजारातून घेतलेल्या सत्तरेक शिवराया (शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी) माझ्याकडे आहेत. अक्षरांचे सगळे प्रकार मिळवल्याशिवाय संग्रहाला अर्थ नाही, असं एक जाणकार म्हणाले. मला तर ती नुसती हातात घेऊन बघायला आवडतात. चुकतंय का?

उत्तर : अजिबात नाही. शिवराईचा ‘पूर्ण संच’ होतच नाही. ठसे हाताने कोरलेले. एक झिजला की दुसरा, आणि कोरणारा हातही दुसरा. 1674 च्या राज्याभिषेकानंतर सुरू झालेलं हे नाणं महाराजांच्या पश्चातही कितीतरी वर्षं, ठिकठिकाणच्या टांकसाळींत पडत राहिलं. त्यात ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, म्हणून एका बाजूचं ‘श्री राजा शिव’ आणि दुसरीकडचं ‘छत्रपति’ दोन्ही पुरतं उमटलेलं नाणं विरळाच.

या अपुरेपणातच खरी मजा आहे. ‘श्री’ ठसठशीत असलेलं एक, ‘राजा’ स्वच्छ असलेलं दुसरं, ‘शिव’चं तिसरं, अशी निवडून ओळीने मांडा; तुटकी नाणी मिळून मजकूर पुरा करतात. अशी नाणी दुकानदार स्वस्तात देतात. शिवाय अक्षरांच्या दोन ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेली ‘दुदांडी’ शेजारी ठेवलीत, की नंतरच्या काळातलं अक्षर कसं बदललं ते भिंगाशिवायही दिसतं. नोंद मात्र ठेवा : वजन, कुठे घेतलं, कितीला, कधी. एवढी पुरे.

घेताना कडेवरून बोट फिरवा. सांध्याची रेघ लागली, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसली, किंवा दोन नाण्यांवर अगदी तोच ओरखडा असला, तर ती ओतीव नक्कल समजा.

प्रश्न : चिंचेने घासून लख्ख केलेल्या नाण्यांवर पावसाळ्यात हिरवी पूड आली. काय करू?

उत्तर : चिंच, लिंबू, पितांबरी यापुढे बंद. आम्लाने वरचा तपकिरी थर जातो, उघडं तांबं लालभडक दिसतं आणि अक्षरांच्या कडाही बोथट होतात. गेलेला थर घासून परत येत नाही.

हिरवं दोन प्रकारचं असतं. गडद, गुळगुळीत, नखाने न निघणारं असेल तर हात लावू नका. तो नाण्याचा संरक्षक थर आहे. फिकट, पिठासारखं आणि पुसलं तरी परत येणारं असेल, तर धातूत क्लोरिनचे क्षार आहेत आणि दमटपणा मिळताच ते तांबं खातात. असं नाणं आधी वेगळं काढा. सुटी पूड लाकडी दातकोरणीने, भिंगाखाली, हळू टोकरा. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवा, पाणी रोज बदला, दोन-तीन आठवडे. नळाचं पाणी नको, त्यातच क्लोरिन असतं. शेवटी शुद्ध ॲसिटोनमधून काढून (खिडकी उघडी, आसपास ज्योत नको) कोरडं करा आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. महिन्याभराने पुन्हा पाहा. पूड आलीच तर सगळं पुन्हा.

आणि मऊ, वास येणारे प्लास्टिकचे अल्बम आजच काढून टाका. त्या पीव्हीसीतूनही नाण्यावर हिरवा चिकट लेप येतो. पुठ्ठ्याची, पॉलिस्टरची खिडकी असलेली पाकिटं घ्या. पिना नाण्यापासून लांब मारा.