बर्निनीच्या 'अपोलो आणि डॅफ्नी'मध्ये स्थिर संगमरवरात गोष्ट घडताना कशी दिसते?

इटालियन शिल्पकार बर्निनीने पाठलागाची सुरुवात किंवा शेवट न कोरता बदल अर्धवट झालेला क्षण कोरला, म्हणून ती घडताना दिसते. रोमन कवी ओविडच्या कथेत अपोलो देवापासून पळणारी अप्सरा डॅफ्नी लॉरेलचं झाड होते. शिल्पात (1622–25, बोर्गेझे गॅलरी, रोम) त्याचा हात तिच्या कमरेशी पोचलाय, पण बोटांखाली कातडी नाही, साल आहे. तिच्या पायाच्या बोटांना मुळं फुटलीत, हाताच्या बोटांना पानं, आणि तोंड किंचाळताना उघडं आहे. अपोलोच्या चेहऱ्यावर मात्र अजून धक्का नीट उमटलेला नाही. माझ्या मते खरं नाट्य या उशिरात आहे.

बाकीचं काम पोत करतो: त्वचा घासून गुळगुळीत, साल खरबरीत, केसांत खोल कोरीव सावल्या. संगमरवर दाब सोसतो, ताण सोसत नाही. अधांतरी भाग स्वतःच्याच वजनाने तुटू शकतात. इथे जमिनीतून वर चढणारी साल कथाही सांगते आणि भारही पेलते. पातळ पानं-मुळांचं बरंचसं श्रेय मात्र सहायक जुलिआनो फिनेल्लीला द्यायला हवं.

एक लक्षात ठेवा: शिल्प आज दालनाच्या मधोमध आहे, पण मुळात भिंतीजवळ होतं आणि आत येणाऱ्याला आधी अपोलोची पाठ दिसे. म्हणून पाहताना त्याच्या मागून सुरुवात करा, मग हळूहळू डॅफ्नीच्या चेहऱ्याकडे वळा.