आधी बघ, आत कोण निजलंय

अगं, 'समाधी' नको. बाकीचं सगळं नंतर, आधी तो शब्द खोड.

तुझ्या अनुवादातल्या 'कॅटाकोम्ब'ला, म्हणजे भुयारातल्या दफनाच्या जागेला, डिक्शनरीत कुठे समाधी दिलंय, कुठे थडगं, ग्रुपवर कोणी मकबरा सुचवला, आणि तू मला विचारतेस यातला बरोबर कोणता. असा शब्द निवडतात का? आधी बघ आत कोण निजलंय, त्याला तिथे कोणी ठेवलं, त्याच्याकडे कोण येतं. मग शब्द.

ज्ञानेश्वर 1296 साली आळंदीला स्वतःहून आत जाऊन बसले. मराठी माणसाच्या कानात 'समाधी' म्हटलं की ते वाजतं. आणि तू अनुवाद करतेयस एडगर ॲलन पोच्या 'द कास्क ऑफ अमोंटिलाडो'चा, 1846 ची कथा, त्यात एक माणूस दुसऱ्याला दारू पाजत तळघरात नेतो आणि जिवंत भिंतीआड बंद करतो! तिथे समाधी लिहिलीस तर खुनाला तू संतपण दिलंस. थडगं एकेकाचं असतं, जमिनीवर दिसतं. मकबरा म्हटलं की घुमट आला. इथे खाली, ओलीत, एकाच घराण्याची हाडं आणि त्यांच्याच शेजारी दारूची पिंपं आहेत.

मुळात कॅटाकोम्ब हे रोमबाहेर आप्पिया रस्त्यावरच्या एका जागेचं नाव, सान सेबास्तियानोजवळचं, नंतर ते सगळ्याच भुयारी दफनांना चिकटलं. शहराच्या हद्दीत पुरायला मनाई, म्हणून लोक बाहेर मऊ टफ दगड खणत खाली गेले, भिंतीत एकावर एक खाचा, खाचेत माणूस, तोंडाला फरशी. लपायच्या जागा म्हणून लिहितात ते सोडून दे, ती आपली माणसं ठेवायची जागा होती, घरचे तिथे जायचे. पॅरिसचं प्रकरण उलटं आहे, तिथे चुनखडीच्या जुन्या खाणीत 1786 पासून शहरातल्या भरलेल्या कबरस्तानांतली हाडं गाड्यांनी आणून टाकली, साठेक लाख माणसांची, कोणाची कवटी कुठली पत्ता नाही. शब्द तोच पण निजलेले वेगळे. म्हणून म्हणतो, आधी आत कोण आहे ते बघ!

कोपरखैरण्यात बसून हे कळत नाही म्हणू नकोस. मळवलीला उतर, भाज्याच्या लेण्यांत जा. गेलेल्या बौद्ध भिक्खूंच्या आठवणीचे चौदा स्तूप आहेत, पाच आत, नऊ बाहेर, काहींवर त्यांची नावं कोरलीयत. त्या नावांसमोर उभं राहिलीस की त्यांना नुसतं 'थडगी' म्हणायला तुझी जीभ रेटणार नाही.

माझ्या एका अनुवादात एडिटरने न विचारता असाच 'समाधी' घातला होता. मी हस्तलिखित परत घेतलं. पुन्हा तिथून काम आलं नाही, पुस्तक निघालं नाही, आणि त्याची खंत आहे, खोटं कशाला बोलू. नौपाड्यात ओळखीचे अजून म्हणतात एका शब्दापायी एवढं कशाला ताणलंस. एका शब्दापायी नव्हतं गं, त्या पानावरचा मेलेला माणूस दुसऱ्याच कोणाचा तरी झाला होता, ते कसं चालवून घेणार होतो? आजही तसंच करेन.

तुझ्या कथेत सुरुवातीला साधं 'तळघर' ठेव. ज्याला बंद करणार तो फोर्चुनातो दारूच्या ओढीनेच खाली उतरतोय, त्याला अजून तळघरच दिसतंय, पोनेही पहिल्यांदा तसंच म्हटलंय. कॅटाकोम्ब नंतर येऊ दे, देवनागरीत, तसाच, तळटीप न देता. ओल्या भिंती आणि हाडं वाचकाला अर्थ सांगतील, तुझा वाचक एवढा मठ्ठ नाहीये. आणि शेवटी 'बंद केलं' काय लिहिलंयस? आपल्याकडे 'चिणलं' आहे की! भिंतीत चिणलं म्हटलं की आत जिवंत माणूस आहे हे शेंबडं पोरही ओळखतं.

शुक्रवारपर्यंत दुसरा ड्राफ्ट पाठव. एडिटरने 'समाधी'चा हट्ट धरलाच तर माझा नंबर दे त्यांना, मी बोलतो.