पदवीदान : नाव एकाचं, प्रमाणपत्र दुसऱ्याचं

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात शिवाजी विद्यापीठाकडून आलेली ४०० पदवी प्रमाणपत्रं समारंभात वाटायची आहेत. मागच्या वेळी मंचावर अदलाबदल झाली. व्यवस्था कशी लावावी?
– लिपिक, परीक्षा विभाग, सांगली

उत्तर : अदलाबदल मंचावर दिसते, पण तिचं मूळ नावावर लावलेल्या यादीत असतं. आपल्याकडं एका वर्गात तीन-चार ‘पाटील प्रियांका’ सहज निघतात. म्हणून यादी पीआरएनवर, म्हणजे विद्यापीठानं प्रत्येक विद्यार्थ्याला दिलेल्या कायम नोंदणी क्रमांकावर लावा. नाव फक्त पुकारण्यापुरतं.

गठ्ठे आले की दोघांनी बसून ताडावं. एकानं प्रमाणपत्रावरून पीआरएन, नाव, श्रेणी मोठ्यानं वाचावी, दुसऱ्यानं यादीवर खूण करावी. नावातली वेलांटी किंवा इंग्रजी स्पेलिंग चुकलं असेल तर ते प्रमाणपत्र दुरुस्तीला परत पाठवा. पेनानं खाडाखोड मुळीच नको, पुढं नोकरीच्या पडताळणीत ते बिचाऱ्या विद्यार्थ्यालाच नडतं.

मंचावर मूळ प्रमाणपत्र देऊच नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. उशिरा आलेला एकजण रांगेत मध्येच शिरला, की मागचे सगळे एकेक घर सरकतात. त्यापेक्षा नोंदणीच्या टेबलावर प्रत्येकाला पीआरएन आणि नाव लिहिलेली चिठ्ठी द्या. ती निवेदकाच्या हाती आली, की त्यावरचंच नाव पुकारलं जाईल. मंचावर रिकामं फोल्डर, आणि मूळ प्रत नंतर खिडकीवर, ओळखपत्र पाहून, सही घेऊन.

माणशी १० सेकंद धरले तरी ४०० जणांना ६७ मिनिटं लागतात. भाषणांची वेळ त्यानुसार ठरवा. गैरहजरांची प्रमाणपत्रं त्याच दिवशी वेगळ्या नोंदवहीत चढवून कपाटात कुलूपबंद ठेवा.