आधी एक पावसाळा काढ

बाळा,

रात्री दीडला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी चहा घेताना वाचला. पुणं सोडून साताऱ्यात येऊन जेमतेम दीड महिना, आणि नवरा म्हणतोय यवतेश्वर घाटाच्या वर प्लॉट बघितलाय, दिवाळीत टोकन देऊ. तुला इकडे घरात रडू येतंय आणि त्याला सांगायची लाज वाटतेय, कारण डोंगराजवळ राहायचा हट्ट मुळात तुझाच होता.

रडू येतंय तर माझ्याकडे ये. पण टोकन देऊ नका. एक पावसाळा काढा आधी.

तुम्ही आलात सप्टेंबरअखेर, कासला फुलं असताना. आम्हीपण तसेच आलो होतो डोंबिवलीहून, २००९ ला. पठार जांभळं-पिवळं झालेलं, हवा अशी की ह्यांनी गाडीतून उतरल्या उतरल्या सांगून टाकलं, आता इथेच. तीन महिन्यांत पाच गुंठे घेतले, एनए (बिगरशेती) होते, कागद चोख होते, त्यात काही फसवणूक नव्हती, फसलो ते आमच्या आम्हीच. मग जुलै आला. खाली साताऱ्यात पोवई नाक्यावर रिमझिम असायची आणि घाट चढलं की समोरची गाडी दिसायची नाही. ढग खिडकीतून घरात, मीठ पाझरलेलं, काडेपेटी पेटायची नाही, ह्यांच्या चामड्याच्या बुटांवर हिरवी बुरशी. आठ-आठ दिवस कपडे वाळत नव्हते, मी पंख्याखाली दोऱ्या बांधून बसायचे. घाटात दरड आली की खाली जाणं बंद. आणि हसू नकोस, एवढा पाऊस झेलून मे महिन्यात टँकर मागवावा लागला! खाली जांभ्याचा दगड, पाणी पडतं आणि उतारावरून निघून जातं. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही असं मी वर्षानुवर्षं म्हणत होते. खरं म्हणजे आम्ही कुणाला विचारलंच नाही.

म्हणून म्हणते, एक पावसाळा काढा. आणि त्याच्या आधीचा मे पण.

आम्ही तो प्लॉट विकला, घातलेले पैसे कसेबसे निघाले, आणि खाली पेठेत फ्लॅट घेतला. नातेवाईक म्हणाले, झाली का हौस? म्हणू देत. आम्ही सातारा सोडला नाही ना! चुकला तो प्लॉट, गाव नाही चुकलं. (हे मी तुला सांगतेय की अजून त्या नातेवाईकांनाच, देव जाणे.)

आता तुझ्या एकटेपणाचं. त्याला प्लॉट हा उपाय नाही, हे त्याला स्पष्ट सांग. वर जाऊन तुला माणसं अजून कमी भेटतील. दर रविवारी तो ट्रेकला जातो आणि तू घरी लॅपटॉपवर, मग निसर्ग एकट्याच्याच वाट्याला आला की. अगं, तू किल्ल्यावर जातेस का सकाळी? अजिंक्यताऱ्यावर अर्धं सातारा रोज चढतं, मास्तर, बँकवाले, गुडघे दुखणाऱ्या आज्या, आणि दहा दिवस तेच तोंड दिसलं की अकराव्या दिवशी कुणीतरी विचारतंच, "नवीन का? कुठं राहायला?" माझ्या इथल्या तीन मैत्रिणी त्या चढावर झाल्यात. तो रस्त्यावरचा भाजीवाला बदलू नकोस, एकाकडूनच घे. पावसाळ्यात तोच तुझ्यासाठी करटुली बाजूला ठेवेल, पण त्यासाठी पावसाळ्यापर्यंत थांबायला हवं ना!

नवऱ्याला वाटतंय भाव वाढतील. वाढू देत. भाडं भरणं म्हणजे पैसे वाया, हे डोक्यातून काढा. वर्षाचं भाडं ही त्या डोंगराची फी समजा, आम्ही भरली त्यापेक्षा खूप स्वस्त आहे. आणि जुलैमध्ये एकदा त्याच प्लॉटवर दोघांनी जा, रात्री, लाईट गेलेली असताना. तिथे उभं राहून तेव्हाही घ्यावासा वाटला तर मी स्वतः पेढे घेऊन येईन.

रविवारी साडेसहाला किल्ल्याच्या दरवाजापाशी ये. त्यालाही आण, ट्रेक एक आठवडा राहू दे. स्वेटर घाल, वर वारा बोचतो.

तुझी,
मावशी