दुपारचे चार म्हणजे रात्रीचे अडीच
वाचकांचे प्रश्न, भूगोलाच्या बाईंची उत्तरं

प्रश्न : आदरणीय बाई, माझी मुलगी, जावई आणि सहा वर्षांचा नातू २१ डिसेंबरच्या पहाटे दीड वाजता मुंबईत उतरतात. सॅन होजेच्या घरून निघाल्यापासून २६ तासांचा प्रवास. २७ तारखेला नागपुरात माझ्या आईचं सहस्रचंद्रदर्शन आहे. मधले चार दिवस मोकळे. माझा बेत असा : मी समृद्धीनं माझी गाडी घेऊन जातो, विमानतळावरूनच सगळ्यांना गाडीत बसवतो आणि तसाच अलिबाग, मुरुड, हरिहरेश्वर, गणपतीपुळे, मालवण असा किनाऱ्याकिनाऱ्यानं जातो. तिथून कोल्हापूरमार्गे नागपूर. जावई म्हणतात, अर्धा रस्ता मी चालवतो. नातवाला समुद्र दाखवायचा आहे. बेत बरोबर आहे ना?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : भाऊ, आधी एक खरं बोलू? सॅन होजेपासून पॅसिफिक महासागर तासाभरावर आहे. तुमच्या नातवानं समुद्र तुमच्यापेक्षा जास्त पाहिला असणार. समुद्र बघायचा आहे तो तुम्हाला, आणि त्यात लाजायचं काही नाही. फुटाळा तलावाच्या काठाला चौपाटी म्हणणारी माणसं आपण. पोरासाठी नवं एवढंच, की तिकडच्या पाण्यात पाय घातला की थंडीनं बाहेर काढावा लागतो आणि आपल्या कोकणातलं पाणी डिसेंबरातही कोमट असतं. तो दोन-दोन तास डुंबेल. तेव्हा जा, नक्की जा. पण बेत मोडून पुन्हा बांधावा लागेल.

माझी स्वतःची फजिती सांगते. अशाच एका डिसेंबरात आमचा मुलगा कॅलिफोर्नियाहून आला. पहाटे विमानतळ, तिथून थेट पेण, अलिबाग. तो ताजातवाना, बडबड करतोय, मध्येच गाडी हातात घेतली. वळायच्या आधी दोनदा वायपर फिरले, कारण तिकडे दिव्याची दांडी दुसऱ्या हाताला असते. आम्ही हसलो. रेवदंड्याला जेवलो आणि चारच्या सुमारास काशीदच्या अलीकडे त्याचा डोळा लागला. क्षणभरच, पण डावीकडची दोन्ही चाकं रस्ता सोडून सुरूच्या झाडांपाशी वाळूत. कोणाला खरचटलंही नाही. गावातल्या सहा-सात पोरांनी गाडी ढकलून वर काढली. आमचे हे रात्रीपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

मला मात्र झोप आली नाही. तीस वर्षं पोरांना रेखावृत्तं शिकवली, एका अंशाला चार मिनिटं असं घोकून घेतलं आणि घरचा हिशेब केला नाही! हिवाळ्यात कॅलिफोर्निया आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असतं. आपले दुपारचे चार म्हणजे त्याच्या शरीराचे रात्रीचे अडीच. रात्री अडीचला, वर पोटभर जेवण झालेल्या माणसाला वळणाच्या रस्त्यावर बसवलं होतं आम्ही. तुमच्या जावयांचंही घड्याळ तेच. उतरल्यावर ते टवटवीत दिसतील, कारण आपली पहाट ही त्यांची भर दुपार. त्या टवटवीवर जाऊ नका. पहिले काही दिवस दुपारी दोन ते सहा त्यांच्या हातात चाक नको. मी तर म्हणते मुळीच नको. उजव्या बाजूनं चालवायची सवय झालेला माणूस सरळ रस्त्यावर चुकत नाही. तो चुकतो तिठ्यावर, वळून चुकीच्या बाजूला शिरतो. शिवाय त्यांचा इथला परवाना अजून चालू आहे का, तेही विचारा.

आता तुमचं. समृद्धीवर ७०१ किलोमीटर सरळ सिमेंटचा रस्ता, पुढे भिवंडीपासून मुंबईची गर्दी, मग विमानतळावर जागरण आणि त्यावर घाट. जावयांना विमानाची गुंगी, तुम्हाला रस्त्याची. गाडीत जागं कोण राहणार, नातू? गाडी प्रतापनगरातच राहू द्या. दुरांतो किंवा विदर्भ एक्सप्रेसनं रात्री झोपून २० तारखेच्या सकाळी मुंबई गाठा. पुढच्या चार दिवसांसाठी तिथूनच ड्रायव्हरसकट सात जणांची गाडी ठरवा.

विमानतळाजवळ हॉटेल घ्या, आणि इथे बहुतेकांचं गणित चुकतं. पोरं २१ तारखेला पहाटे दीडला उतरणार, म्हणजे खोली २० तारखेपासून हवी. २१ ची घेतलीत तर दुपारपर्यंत लॉबीत बॅगांवर बसाल. बॅगांवरून आठवलं, तिघांच्या मिळून सहा मोठ्या बॅगा तरी असतील. परत मुंबईवरूनच यायचं आहे, तेव्हा कोकणात लागणारे कपडे एका पिशवीत काढून बाकीच्या हॉटेलवाल्याकडे ठेवता येतील का, हे आधीच विचारून घ्या. मुलगी मात्र पोराची गाडीतली बूस्टर सीट घेऊन येऊ दे. भाड्याच्या गाडीत ती मिळत नाही आणि त्याला तिच्यावाचून बसायची सवय नसणार.

२१ तारीख पूर्ण मुंबईत काढा. त्यांना सकाळी नऊ-दहाला उठवाच, उन्हात फिरवा. दुपारी तासभर डुलकी, त्याहून जास्त नको. इतके तास बसून आलेल्या माणसाला लगेच पुन्हा पाच तास बसवू नये, हेही कारण आहे. पाय दोन्ही थोडे सुजतात, ते उतरतात. पण एकच पोटरी सुजून दुखली, तर कोकण बाजूला ठेवून डॉक्टर गाठा.

२२ ला बघा, पोरं आपोआप पहाटे तीनला टक्क जागी होतील. कुरकुर करू नका, तोच आपला फायदा. सकाळच्या रोरो बोटीनं भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जा. गाडी बोटीच्या पोटात, तुम्ही वर, तासाभराचा प्रवास. नाहीतर पेण-वडखळवरून शंभर किलोमीटरची रखडपट्टी. नाताळचा आठवडा आहे आणि अलिबाग म्हणजे मुंबईकरांची ओसरी, तेव्हा गाडीचं तिकीट आजच काढा. मांडव्याहून अलिबाग वीसेक किलोमीटर. तिथून मुरुडपर्यंतचे ५० किलोमीटर म्हणजे तुम्हाला हवा आहे तो रस्ता. रेवदंड्याला कुंडलिकेवरचा पूल ओलांडला, की समोर कोर्लईचा पोर्तुगीज किल्ला. त्याच्या पायथ्याच्या गावात आजही पोर्तुगीजमधून निघालेली एक बोली बोलतात. नातू इंग्रजी फाडत असेल, त्याला तिथल्या म्हाताऱ्यांचं बोलणं ऐकवा. काशीदला थांबा, पण पाण्यात घोट्यापर्यंतच. किनारा देखणा आहे आणि ओढही तितकीच आहे, लोक बुडाले आहेत तिथे. जेवायला मुरुड गाठा, मुक्कामही तिथेच. चार वाजता सगळे खोलीत असले पाहिजेत.

संध्याकाळी किनाऱ्यावर घड्याळ बघून एक गंमत करा. नागपुरात ७९ रेखांशावर सूर्य जातो, त्यानंतर कोकणात तो जायला डिसेंबरात जवळपास अर्धा तास लागतो. आजीला फोन करून विचारा, तुमच्याकडे अंधार झाला का?

२३ ला सकाळी आगरदांड्याहून फेरीबोटीनं दिघी, तिथून दिवेआगर. इथे दोन रात्री राहा. तिसरं गाव नको. सुवर्णगणेश इथलाच : १९९७ मध्ये जमिनीत सापडला, २०१२ मध्ये चोरीला गेला, २०२१ मध्ये पुन्हा बसवला. एका सकाळी आरावीवरून श्रीवर्धनपर्यंत जाऊन या. रस्ता अगदी पाण्याला लागून आहे आणि मला तो गोव्याच्या कुठल्याही रस्त्यापेक्षा आवडतो. हरिहरेश्वर त्याच दिवशी उरकेल. जेवणात सोलकढी, मोदक आणि नशीब असेल तर रात्री पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा. सावजीची जीभ असेल तर ठेच्याची बरणी सोबत न्या, आणि आपल्या बोलीतला सांबार मागायचा असेल तर कोथिंबीर म्हणा. २५ ला माणगाववरून मुंबई, रात्रीची रेल्वेगाडी, २६ ला सकाळी नागपूर.

गणपतीपुळे, मालवण का वगळलं? नकाशावर किनारा सरळ दिसतो, जमिनीवर तो करवतीसारखा आहे. सह्याद्रीतून उतरणारी प्रत्येक नदी समुद्राला मिळताना खाडी करते : सावित्रीची बाणकोटला, वाशिष्ठीची दाभोळला, शास्त्रीची जयगडला. हरिहरेश्वरच्या पुढे गणपतीपुळ्यापर्यंत बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा तीन फेरीबोटी लागतात. नाहीतर आत वळसा घालून पूल गाठायचा. ज्यांची झोप पूर्ण झाली आहे, त्यांना हे फार सुंदर वाटतं. तुमची पोरं त्यातली अजून नाहीत.

प्रश्न : बाई, आमचा मुलगा जुलैत दहा दिवस येतो. त्याला पावसातलाच कोकण किनारा हवा आहे. काय करावं?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : रस्ते हिरवे, धबधबे रस्त्यावर आलेले, हे सगळं खरं. पण समुद्र खवळलेला असतो, हवा बिघडली की फेरीबोटी बंद होतात, आणि ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी, म्हणजे ताजी मासळीही बेताचीच. पाण्यात उतरायचा तर विषयच नाही. हट्टच असेल तर अलिबागला एक रात्र राहा, व्हरांड्यात बसून लाटा बघा आणि मुंबईला परत या. उरलेल्या दिवसांत त्याला चिखलदऱ्याला न्या. तिकडचे ढग जुलैत खिडकीतून आत येतात आणि मध्ये एकही खाडी नाही.